इंधन वाचविणारी उपकरणे : दावे आणि वस्तुस्थिती

साखळीहून वेळगेमार्गे उसगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पाळी हे गाव डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात मोडते. पाळी, वेळगे, सुर्ला व कोठंबी या परिसरातील खाणींतून निघालेले खनिज ट्रकांत भरून मांडवीच्या काठावरील धक्क्यांपर्यंत न्यावयाचे आणि तेथून ते बार्जांत चढवून मुरगाव बंदराकडे पाठवावयाचे, हा क्रम अनेक दशके चालला. या वाहतुकीवर गावोगावच्या कुटुंबांचा संसार उभा राहिला. कोणी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला, कोणी तो चालविला, तर कोणी रस्त्याकाठी गॅरेज थाटले. वाहतुकीचे भाडे टनावर व किलोमीटरवर ठरत असे. डिझेल मात्र ज्या दराने मिळेल त्या दराने भरावे लागे. भाडे आपल्या हाती नाही, डिझेलचा दर आपल्या हाती नाही, कर्जाचा हप्ता तर मुळीच नाही. अशा स्थितीत एका लिटरमागे गाडी किती धावते, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘ॲव्हरेज’ किती मिळते, एवढीच एक गोष्ट ट्रकमालकाला आपल्या हातची वाटते. इंधन वाचविण्याचे उपकरण विकणारा मनुष्य नेमका याच ठिकाणी येऊन उभा राहतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणकाम थांबले. काही वर्षांनी ते मर्यादित प्रमाणात सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरल्यावर त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पुन्हा बंद पडले. खनिज ब्लॉकांच्या लिलावास डिसेंबर २०२२ मध्ये प्रारंभ झाला. दरम्यानच्या काळात अनेक ट्रक अंगणात उभे राहिले. असा ट्रक पुन्हा रस्त्यावर आणावयाचा म्हणजे टायर, बॅटरी, विमा, रंगरंगोटी असा खर्चाचा डोंगरच असतो, आणि त्यात ‘एवढे एक उपकरण बसवा, डिझेलचा खर्च पाचवा हिस्सा कमी होईल’ असे कोणी सांगितले, तर ते कानांना गोड वाटावे यात नवल नाही.

मोटार व दुचाकी वापरणाऱ्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढविण्यात आल्यापासून ‘गाडी पूर्वीइतकी धावत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. इथेनॉलमध्ये दर लिटरमागे पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांना २० टक्के मिश्रण वापरल्यास इंधनक्षमतेत ६ ते ७ टक्के, व तशाच दुचाकींना ३ ते ४ टक्के घट पडेल, असा अंदाज नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात दिला होता. मात्र ही घट इंधनातील ऊर्जेचीच असल्यामुळे ती भरून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही जोड-उपकरणात असू शकत नाही.

विक्रेत्याचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे त्याचे आकर्षण ध्यानात येते. समजा, एखादा टिपर लिटरमागे साडेतीन किलोमीटर धावतो व दिवसाच्या फेऱ्या मिळून ७० किलोमीटर होतात. म्हणजे रोज २० लिटर डिझेल लागले. २० टक्के बचत झाली तर रोजचे ४ लिटर वाचतील. डिझेलचा दर हिशेबापुरता ९० रुपये धरला तर रोजचे ३६० रुपये होतात, आणि २५ दिवसांच्या महिन्यास ९,००० रुपये. उपकरणाची किंमत ३,००० रुपये असली तरी ती नवव्या दिवशी फिटून जाते. या गणितात कोठेही चूक नाही. चूक असलीच तर ती ‘२० टक्के’ या एका आकड्यात आहे, आणि नेमका तोच आकडा कोणी तपासून पाहत नाही.

इंधनाचे काय होते?

बहुतेक विक्रेते सांगतात की, इंजिनात बरेचसे इंधन न जळता वाया जाते आणि त्यांचे उपकरण ‘पूर्ण ज्वलन’ घडवून आणते. हे विधान तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण इतर सर्व दावे त्याच्यावरच उभे असतात. वस्तुतः सुस्थितीतील इंजिनात इंधनाचा ९८ ते ९९ टक्के भाग जळतोच. न जळलेला अंश इतका अल्प असतो की तो सर्वच्या सर्व जाळून दाखविला, तरी लिटरमागे एक-दोन टक्क्यांहून अधिक लाभ होणे शक्य नाही. जुन्या ट्रकच्या नळीतून निघणारा काळा धूर पाहून ‘सारे डिझेलच बाहेर पडते आहे’ असे वाटते खरे. परंतु धुरातील काजळी डोळ्यांना फार दिसली तरी वजनाने थोडी असते. शिवाय हा धूर म्हणजे रोगाचे लक्षण होय. इंजेक्टर खराब झाला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा ट्रकवर क्षमतेहून अधिक माल भरला असेल. लक्षणावर उपकरण बसवून रोग जात नाही.

मग इंधनातील ऊर्जा जाते कोठे? डिझेलच्या १०० भाग ऊर्जेपैकी चांगल्या इंजिनात साधारण ३५ ते ४० भाग चाके फिरविण्याच्या कामी येतात. पेट्रोल इंजिनात त्याहूनही कमी. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराच्या नळीतून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. चाकांपर्यंत पोहोचलेल्या ऊर्जेचाही मोठा वाटा टायरच्या घर्षणात, हवेच्या रोधात व ब्रेक तापविण्यात खर्च होतो. भरलेला ट्रक उतारावरून वेगाने आणून धक्क्याच्या फाट्यापाशी करकचून थांबविला, म्हणजे चढावर जाळलेल्या डिझेलची ब्रेकच्या ठिकाणी केवळ उष्णता होते. नासाडी आहे आणि ती मोठी आहे, यात शंका नाही. परंतु उपकरण विकणारा ज्या जागी बोट दाखवितो, त्या जागी ती नाही.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांवर २०१७ पासून सरासरी इंधनवापराची कायदेशीर मर्यादा घालण्यात आलेली असून २०२२ मध्ये ती अधिक कडक करण्यात आली. अशा कंपन्या इंधनक्षमतेत एक टक्क्याची वाढ मिळविण्यासाठी इंजिनाची पुनर्रचना करतात, गाडीचे वजन घटवितात, टायर बदलतात आणि त्यापायी कोट्यवधी रुपये खर्चितात. पाचशे रुपयांच्या चुंबकाने १५ टक्के बचत होत असती, तर तो चुंबक कारखान्यातच बसून आला असता.

चुंबक, पंखा आणि पाणी

बाजारात येणारी उपकरणे नावाने अनेक असली तरी जातीने थोडीच आहेत. त्यांत सर्वांत जुनी व अद्याप टिकून राहिलेली जात म्हणजे इंधनाच्या नळीवर बांधावयाचे चुंबक. चुंबकामुळे इंधनाचे रेणू एका ओळीत येतात किंवा त्यांचे पुंजके सुटतात आणि त्यामुळे ज्वलन सुधारते, असे सांगण्यात येते. पेट्रोल व डिझेल यांचे रेणू चुंबकास जवळजवळ दाद देत नाहीत. परंतु क्षणभर असे धरून चालू की, नळीत काही रचना घडली. पुढे काय होते? ते इंधन पंपात जाते, तेथे त्यावर हवेच्या दाबाच्या शेकडो पटींचा आणि नव्या डिझेल इंजिनांत हजार पटींहून अधिक दाब येतो, आणि केसाएवढ्या छिद्रांतून त्याची फवार उडते. नळीत लावलेली ओळ या सर्व गडबडीतून शाबूत राहते असे मानण्यास मोठी श्रद्धा लागेल. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००४ साली अशाच एका चुंबकीय उपकरणाच्या विक्रेत्यांवर फसव्या जाहिरातीबद्दल न्यायालयात दावा दाखल केला होता.

दुसरी जात हवेच्या मार्गात बसवावयाच्या पंख्याची. या पंख्याने हवेला भोवरा मिळतो व इंधन चांगले मिसळते, असा दावा असतो. हवेला भोवरा देणे उपयुक्त असते हे खरेच आहे, म्हणूनच इंजिनाची रचना करणारे सिलिंडरच्या तोंडाशीच त्याची सोय करून ठेवतात. एअर फिल्टरजवळ दिलेला भोवरा नळ्यांच्या वळणांत विरून जातो, आणि मधल्या पात्यांमुळे हवेची वाट अरुंद होते ती निराळीच. कार्बोरेटरच्या काळात हवेची जादा वाट उघडून देणारी काही साधने थोडाबहुत फरक दाखवीत, कारण कित्येक कार्बोरेटर गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडीत असत. आजच्या पेट्रोल गाड्यांत धुराच्या नळीतील संवेदक प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी मोजतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-अधिक करून हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ असे राखले जाते. बाहेरून कोणी हवा वाढविली की गाडीतील संगणक तितके पेट्रोल वाढवून हिशेब पुन्हा जुळवितो.

तिसरी जात सर्वांत मोहक आहे, कारण तिच्यात पाणी आहे. गाडीच्या बॅटरीवर पाण्याचे विघटन करून हायड्रोजन व प्राणवायू मिळवावयाचे आणि ते इंजिनात सोडावयाचे, अशी ही किट असते. हायड्रोजन जळतो व त्यापासून ऊर्जा मिळते, हे शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. प्रश्न इतकाच की, पाणी फोडण्यास लागणारी ऊर्जा आली कोठून? विजेच्या बिलावर असते त्या ‘युनिट’च्या मापाने याचा हिशेब करता येतो. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी व लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार तासाला ४ लिटर, म्हणजे ३६ युनिट ऊर्जा खर्च करते. १२ व्होल्ट व २० अँपिअरची किट तासाला पाव युनिटहून थोडी कमी वीज घेते. तिच्यापासून मिळणाऱ्या हायड्रोजनमध्ये फार तर पावणेदोन दशांश युनिट ऊर्जा असेल. आता ही वीज अल्टरनेटर तयार करतो, अल्टरनेटर इंजिन फिरविते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. प्रत्येक पायरीवर होणारी घट धरली म्हणजे तेवढ्या विजेसाठी सुमारे दीड युनिट ऊर्जेचे पेट्रोल जाळावे लागते. दीड युनिट देऊन पावणेदोन दशांश युनिट परत घेण्याचा हा व्यवहार आहे. कोणतीही सुधारणा केली तरी तो उलटा होणार नाही, कारण पाणी फोडण्यास लागलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा त्याच्या ज्वलनातून कधीच परत मिळत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या न्यायालयाने १९९६ साली ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’च्या प्रवर्तकाने गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याचा निर्णय देऊन त्यांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला होता. त्याच वर्षी तामिळनाडूमध्ये वनस्पतींपासून पेट्रोल बनविल्याचा दावा देशभर गाजला. शास्त्रज्ञांसमोर तो टिकला नाही, आणि पुढे त्या नावाने झालेल्या विक्रीच्या प्रकरणात २०१६ साली न्यायालयाने शिक्षा सुनावली.

अलीकडे मोटारीच्या तपासणीच्या खोबणीत खोचावयाची छोटी डबीही विकली जाते. ती गाडीच्या संगणकास ‘शिकविते’ असे सांगतात. अशा कित्येक डब्या उघडून पाहिल्या असता आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे गाडीशी संवाद साधणारे काहीच आढळले नाही. आणि जुन्या काळापासून चालत आलेला डांबराच्या गोळीचा उपाय तर सर्वांच्या परिचयाचा आहे. दहा लिटर पेट्रोलचे वजन सुमारे साडेसात किलो भरते. त्यात चार ग्रॅमची गोळी टाकली आणि ती पूर्ण जळली, तरी ऊर्जेत दोन हजारांत एक भागाइतकीही धड भर पडत नाही. उलट नॅफ्थॅलीन २१८ अंश सेल्सिअसला उकळणारा पदार्थ असल्यामुळे तो सहज वाफ होत नाही आणि काजळी धरतो.

याचा अर्थ प्रत्येक जोड-उपकरण निरुपयोगी असते असा मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मुंबई इलाख्यात मोटारींच्या मागे कोळशाच्या वायूची भट्टी बसविण्यात येत असे आणि त्या गाड्या खरोखरच चालत. कारण तेथे कोळसा हे खरे इंधन जळत होते. चमत्कार काही नव्हता. शक्ती कमी मिळे, चढावर उतारूंना उतरावे लागे, पण पेट्रोल वाचे. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या टपावर बसविलेले वारा कापणारे पत्रे राष्ट्रीय महामार्गावर उपयोगी पडतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ३० चा वेग ६० झाला की रोध चौपट होतो. खाणीवरून धक्क्यावर रखडत जाणाऱ्या टिपरला त्याच पत्र्याचा उपयोग नाही. स्पीडोमीटरवर काटकसरीच्या वेगाची हिरवी पट्टी दाखविणारे किंवा गिअर बदलण्याची सूचना देणारे साधनही काम करते, परंतु ते इंजिनावर नव्हे तर चालकाच्या पायावर काम करते.

मग लोकांना फरक का जाणवतो?

उपकरण बसविलेल्या माणसाने ‘मला फरक पडला’ असे सांगितले तर तो खोटे बोलतो असे समजण्याचे कारण नाही. बहुधा त्याला फरक पडलेलाच असतो, मात्र तो कशाने पडला हे समजून घ्यावे लागते. खाणपट्ट्यात तर याचे एक ठळक कारण आहे. पावसाळ्यात खनिज वाहतूक बंद असते. जून ते सप्टेंबर या काळात ट्रक गॅरेजला लागतो, ऑइल बदलते, फिल्टर नवा पडतो, इंजेक्टर तपासून घेतात, टायरांत हवा भरली जाते. ऑक्टोबरात गाडी बाहेर काढताना त्याच वेळी उपकरणही बसविले जाते. मेस्त्रीने चार महिन्यांत केलेल्या कामाचे श्रेय मग चार स्क्रूंनी बसविलेल्या डबीला मिळते. दुसरे असे की, पैसे खर्च करून उपकरण घेतले की मालक व चालक दोघांचेही लक्ष ॲव्हरेजकडे लागते, पाय हलका पडतो, गिअर वेळेवर बदलला जातो. राज्य परिवहनाच्या आगारांत दहा लिटर डिझेलमागे बस किती किलोमीटर धावली याची नोंद चालकवार ठेवण्याची पद्धत आहे. तीच बस, तोच मार्ग, पण चालक बदलला की आकडा बदलतो, हे आगारातील प्रत्येकास माहीत असते.

तिसरे कारण मोजमापातील चुकीचे. मोटार २०० किलोमीटर धावून १३ लिटर पेट्रोल घेते असे धरू. टाकी ‘पूर्ण’ भरताना एखाद्या वेळी एक लिटर कमी बसले, तरी हिशेबात साडेसात टक्के ‘बचत’ दिसते. जाहिरातीतील ५ ते १० टक्क्यांचे कित्येक आकडे अशा एका भरण्यात मावण्याजोगे असतात. ‘उपकरणाचा गुण दिसण्यास हजार किलोमीटर जावे लागतात’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तोवर माल परत करण्याची मुदत टळलेली असते, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

याउलट शास्त्रीय चाचणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या ठिकाणी गाडीची चाके रुळांवर ठेवून ती बंद खोलीत चालविली जाते. तापमान ठरावीक असते, समोरच्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करावयाचा असतो, आणि नळीतून निघालेला सर्व वायू गोळा करून त्यातील कार्बनवरून किती इंधन जळले ते काढतात. वारा, चढ, पाऊस, रस्त्यावरची गुरे यांपैकी काहीही आड येत नाही. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर अशा उपकरणांचे पीक आले, तेव्हा १९७५ च्या कायद्यान्वये त्यांची तपासणी करण्याचे काम तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविण्यात आले. शंभराहून अधिक उपकरणे तपासली गेली. फार थोड्यांत किंचित लाभ दिसला आणि त्यांपैकी काहींनी धुरातील दूषित वायू वाढविले. लक्षणीय बचत करणारे एकही निघाले नाही. विक्रेता चाचणीचा अहवाल दाखवू लागला तर तो नीट वाचावा. कित्येकदा उपकरणाने धूर वाढत नाही किंवा त्याला आग लागत नाही एवढ्यापुरतीच तपासणी झालेली असते आणि इंधनाचा उल्लेखही नसतो.

गावातल्या गावात पडताळा

प्रयोगशाळा नसली तरी प्रामाणिक पडताळा पाहता येतो, आणि तो माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनाही करण्याजोगा आहे. एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून टाकी काठोकाठ भरावी. डिझेलचा फेस बसण्यास मिनिटभर थांबून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावे. टायरांतील हवा प्रत्येक आठवड्याच्या आरंभी सारखी करावी. नंतर एक आठवडा उपकरणाशिवाय, एक आठवडा उपकरणासह, पुन्हा एक आठवडा त्याशिवाय व पुन्हा एक आठवडा त्यासह गाडी नेहमीच्या मार्गावर चालवावी. किलोमीटर, लिटर, फेऱ्या व माल यांची वही ठेवावी. मुख्य म्हणजे कोणत्या आठवड्यात उपकरण चालू आहे हे चालकास कळू देऊ नये. ते एका झाकलेल्या खोक्यात ठेवून मेस्त्रीने जोडावे व काढावे. उपकरण खरे असेल तर दुसरा व चौथा आठवडा पहिल्या व तिसऱ्यापेक्षा दोन्ही वेळा स्पष्टपणे सरस ठरेल. आठवडे एकमेकांत मिसळले, तर निकाल लागला असे समजावे. या अटीवर पैसे देण्याची तयारी दाखविली असता विक्रेता काय म्हणतो, यावरूनही बराच उलगडा होतो.

उपकरणासाठी काढून ठेवलेले तीन हजार रुपये अन्यत्र निश्चित उपयोगी पडतात. तांबड्या धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर चोंदतो व डिझेल गाडी धूर सोडू लागते, म्हणून तो कोरड्या दिवसांत वरचेवर साफ करावा किंवा बदलावा. टायरांत हवा कमी असल्यास इंधन अधिक लागते आणि टायरही लवकर झिजतो. १९७८ पासून काम करीत असलेल्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग काटकसरीचा म्हणून सांगितला आहे. काट्यावर किंवा धक्क्यावर रांगेत उभे असताना इंजिन चालू ठेवण्याची सवय मात्र सर्वांत महाग पडते. मध्यम ट्रकचे इंजिन जागच्या जागी चालू राहिले तरी तासाला एक ते दोन लिटर डिझेल जाते. दिवसभराच्या रांगा मिळून दोन तास झाले, तर वर मांडलेल्या हिशेबातील चार लिटरांपैकी निम्मे ते सर्व डिझेल नुसती किल्ली फिरवून वाचू शकते. यात चालकाचा दोष फारसा नसतो. रांग पुढे सरकली की मागच्याने घुसू नये म्हणून तो इंजिन चालू ठेवतो. धक्क्यावर क्रमांकाची चिठ्ठी देण्याची व्यवस्था झाली तर जे डिझेल वाचेल, ते कोणत्याही चुंबकाने वाचणार नाही.

उपकरण बसविण्यापूर्वी कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, आणि इंधनाच्या नळीत किंवा विद्युत जोडणीत फेरफार केल्यास गाडीची हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. खोट्या जाहिरातीला भुलून उपकरण घेतले गेले असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते; पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. व्यापारी प्रयोजनासाठी केलेली खरेदी या कायद्याखाली येत नाही. परंतु स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालविण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनाची मानली जात नाही. स्वतःचा एकच ट्रक स्वतः चालविणाऱ्यास ही तरतूद महत्त्वाची आहे. तक्रारीसाठी खरेदीची पावती, जाहिरातीचे पत्रक आणि वर सांगितलेली वही जपून ठेवावी. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर मिळते.